चेहरा दाखवायचा की ओळखपत्र?

रेशनच्या यंत्रावर अम्मींचे ठसे अनेकदा जुळत नाहीत. आयुष्यभर भांडी घासून बोटे झिजली आहेत. त्यामुळे विमानाने दिल्लीला जायचे ठरताच त्यांनी विचारले, "तिथे चेहराही जुळला नाही तर?"

मुंब्रा-कल्याणच्या अनेक घरांतील ही काळजी आहे. 'डिजियात्रा' डिसेंबर २०२२ मध्ये दिल्ली, बंगळुरू आणि वाराणसीला सुरू झाली. २०२३ मध्ये मुंबईतही आली. ॲपमध्ये आधार, सेल्फी आणि बोर्डिंग पास नोंदवला की दारावरचा कॅमेरा चेहरा ताडून पाहतो. दुसऱ्याच्या तिकिटावर आत शिरणे त्यामुळे कठीण होते. अंगझडती मात्र सर्वांचीच होते. ही सोय देशांतर्गत प्रवासासाठी आहे. उमऱ्याला जाताना पासपोर्टची नेहमीची तपासणी असते.

महत्त्वाचे म्हणजे, डिजियात्रा ऐच्छिक आहे. ओळखपत्र आणि तिकीट दाखवून नेहमीच्या रांगेतून जाता येते. निकाब असेल तर महिला कर्मचाऱ्याची विनंती करावी. न विचारता कोणी फोटो काढू लागले, तर अदबीने नकार द्यावा. पासवर्ड बदलता येतो, चेहरा नाही.

अम्मी ओळखपत्र हातात धरून नेहमीच्या रांगेतून गेल्या. कोणीही अडवले नाही.