विश्लेषण : लिंबातल्या सायट्रिक अॅसिडने हृदयातील गुठळी विरघळते का?

रोज सकाळी लिंबूपाणी प्या, हृदयातले ब्लॉकेज निघून जाईल, अशा आशयाचे संदेश व्हॉट्सअॅपवर फिरत असतात. सायट्रिक अॅसिड रक्त गोठू देत नाही, असे त्यामागचे कारण दिले जाते. रक्ताच्या पिशवीत हे खरे आहे. शरीरात मात्र नाही.

दावा आला कुठून?

रक्त गोठण्यासाठी कॅल्शियम लागते. सायट्रिक अॅसिडचा क्षार म्हणजे सोडियम सायट्रेट हे कॅल्शियम बांधून ठेवतो आणि रक्त गोठत नाही. १९१४ मध्ये बेल्जियममध्ये अल्बर्ट हस्टिन आणि अर्जेंटिनात लुइस अगोते यांनी सायट्रेट मिसळलेले रक्त रुग्णांना दिले. रक्तपेढ्यांचा पाया त्यातूनच घातला गेला. आजही रक्तपेढीच्या पिशवीत सायट्रेट असते. रक्त गोठण्याच्या चाचणीसाठी वापरल्या जाणाऱ्या निळ्या झाकणाच्या नळीतही तेच असते.

मग लिंबूपाण्याने तसे का होत नाही?

पोटात गेलेले सायट्रिक अॅसिड शरीर ऊर्जेसाठी वापरून टाकते. पेशी स्वतःही ते सतत तयार करतात आणि खर्च करतात. शिवाय रक्त गोठणे थांबेल इतके कॅल्शियम कमी झाले, तर त्याआधीच हृदयाचे ठोके बिघडतील. म्हणूनच एकाच वेळी खूप रक्त चढवावे लागले, तर डॉक्टर रुग्णाला कॅल्शियमही देतात.

हृदयातील गुठळी कशी तयार होते?

धमनीच्या आतील बाजूस साचलेला चरबीचा थर फाटला, की तिथे प्लेटलेट्स गोळा होतात आणि गुठळी तयार होऊन रक्तप्रवाह अडतो. अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल ही औषधे प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू देत नाहीत. लिंबू ना तो थर विरघळवते, ना या औषधांची जागा घेऊ शकते.

धोका कशात आहे?

धोका लिंबात नाही, त्याच्या भरवशावर गोळ्या बंद करण्यात आहे. स्टेंट बसवल्यानंतर, विशेषतः पहिल्या काही महिन्यांत, ही औषधे अचानक थांबवल्यास स्टेंटमध्येच गुठळी होऊन हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. कोणतीही गोळी बंद करायची तर डॉक्टरांना विचारूनच.

जेवणात लिंबू जरूर पिळावे. छातीत दाब जाणवला, वेदना हातात किंवा जबड्यात गेली, दरदरून घाम आला, तर मात्र घरगुती उपायात वेळ न घालवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.