उभ्या गवताच्या कडेने

पहाटे साडेपाच. जून संपत आलाय. मोंबन्वा गावाबाहेरच्या गोठ्यात दिवे लागलेत आणि रात्रभर कुरणात असलेल्या गाई आपणहून दाराशी येऊन उभ्या राहिल्यात. पांढरी तोंडं, अंगावर तांबडे डाग. ही मोंबेलियार्द जात, 1889 साली सरकारदरबारी मान्य झालेली. फ्रान्सच्या पूर्व टोकाला, स्वित्झर्लंडच्या हद्दीलगत, ज्युरा डोंगरातल्या दू नदीच्या खोऱ्यात मी आले आहे ती इथली एक सोपी गोल वाट चालायला. आठ-नऊ किलोमीटर, फारसा चढ नाही, जिथून निघायचं तिथेच परत. पण ज्या शेतकरी दांपत्याकडे उतरले आहे, त्यांनी काल रात्री सांगितलं, की वाट समजून घ्यायची तर आधी गोठ्यात या. म्हणून आले.

बाई दोन रांगांच्या मधल्या खड्ड्यात उभ्या आहेत. एकेका गाईची कास पुसतात, चारही सडांची पहिली धार हाताने एका काळ्या भांड्यात काढून बघतात. दुधात गुठळी दिसली तर ती गाय बाजूला. मग यंत्र लावायचं. पन्नासेक गाईंना दीड तास जातो. शेजारच्या भागांत आता यंत्रमानव धारा काढतात, मालक घरात झोपलेला असला तरी चालतं. इथे ते चालत नाही. या खोऱ्यातलं दूध कोंते चीजसाठी जातं आणि कोंतेच्या नियमावलीत दिवसातून दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी, माणसाच्या देखरेखीखालीच धारा काढायला परवानगी आहे. यंत्रमानवाला साफ मनाई. म्हणजे रविवार असो, लग्न असो, पहाटे साडेपाचला कोणीतरी या खड्ड्यात असणारच. दिवसभर चालताना जे जे बघायचं आहे त्याचं मूळ या दोन वेळांत आहे, असं माझं मत इथेच झालं आणि संध्याकाळपर्यंत ते पक्कं होत गेलं.

सकाळी आठ. गावची दूध संस्था. इथले लोक तिला फ्रुइत्येर म्हणतात. डोंगरातल्या लांबलचक हिवाळ्यासाठी दूध टिकवून ठेवायचं तर चीजचं मोठं चाक बनवायला हवं. एका चाकाला साधारण 400 लिटर दूध लागतं आणि ते एकट्या शेतकऱ्याकडे कधीच नसायचं. म्हणून शेजाऱ्यांनी दूध एकत्र केलं. 13व्या शतकातल्या कागदपत्रांत याच डोंगरातल्या देसेर्विये गावी अशा सामायिक चीजघरांचा उल्लेख सापडतो. सहकार हा शब्द छापला जाण्याच्या कितीतरी आधी इथे तो गरजेपोटी रुजला होता. वारणा-गोकुळच्या दुधावर वाढलेल्या माणसाला इथे बोर्डावर लावलेली दुधाची आकडेवारी पाहून परकं वाटत नाही.

काल संध्याकाळचं आणि आज सकाळचं दूध तांब्याच्या मोठ्या हंड्यात एकत्र झालंय. दूध कच्चंच, निर्जंतुक केलेलं नाही. आणि तेही जवळचंच. एका संस्थेचं दूध 25 किलोमीटर व्यासाच्या वर्तुळाबाहेरून आणता येत नाही. रेनेट घातल्यावर दूध घट्ट बसलं, तारांच्या पात्यांनी त्याचे गव्हाच्या दाण्याएवढे कण केले आणि आता हंडा तापतोय. किमान 53 अंशांपर्यंत न्यायचा असतो. भिंतीवर आकडे दाखवणारं यंत्र आहे, तरी चीज करणारा तरुण बाही वर सारून हात आत घालतो, मूठभर कण काढतो, घट्ट दाबतो आणि मूठ उघडतो. तळहातावर बोटांच्या ठशांसकट एक गोळा. अंगठ्याने हलकेच ढकलला तर कण पुन्हा सुटे होतात. गोळा बसायला हवा आणि सुटायलाही हवा, दोन्ही. त्याने मान हलवली, पंप सुरू झाला आणि साच्यांमध्ये पांढरा लोंढा पडू लागला. प्रत्येक चाकाच्या कडेला हिरवी चकती बसते, तिच्यावरून ते कुठल्या चीजघरात कधी बनलं ते कळतं. चाक साधारण 40 किलोचं. पुढे ते स्प्रूसच्या फळ्यांवर तळघरात जातं.

साडेनऊ. आता चालायचं. मठाच्या भिंतीजवळ पाटी आहे आणि खांबावर पिवळ्या रंगाचा आडवा पट्टा. फ्रान्समध्ये दूरच्या वाटांना पांढरा-लाल पट्टा आणि अशा छोट्या गावफेऱ्यांना पिवळा. वळायचं असेल तर बाण, चुकीच्या रस्त्यावर फुली. या खुणा रंगवणारे बहुतेक स्वयंसेवक असतात. पदभ्रमण महासंघाची सुरुवात 1947 मध्ये झाली, तेव्हापासून ही रीत चालत आली आहे.

मोंबन्वाचा मठ 12व्या शतकातला. आत गायनमंडपाच्या लाकडी आसनांवर 16व्या शतकातलं कोरीवकाम आहे, त्यासाठी अर्धा तास राखून ठेवावा. या मठानेच हे जंगल तोडून खोरं वसवलं. आसपासच्या 11 गावांचा मुलूख सोजे म्हणून ओळखला जातो आणि 1947 पासून तो स्वतःला प्रजासत्ताक म्हणवतो. जेवायला आलेल्या जिल्हाधिकाऱ्याकडे इथल्या खानावळीच्या मालकाने गमतीने प्रवेशपत्र मागितलं. साहेबांनीही तितक्याच खेळकरपणे त्याला राष्ट्राध्यक्ष नेमून टाकलं. गंमत टिकली, कारण तिच्याखालचा गावांचा एकोपा खराच होता.

दहा वाजता पुलावर. दू नदी खाली संथ वाहते आहे, एवढी संथ की शेवाळाच्या धाग्यांकडे बघून प्रवाहाची दिशा कळते. जूनच्या मानाने पाणी कमी. हा सगळा डोंगर चुनखडकाचा आणि चुनखडक पाणी पितो. 11 ऑगस्ट 1901 रोजी वरच्या अंगाला पोंतार्लियेमधल्या पेर्नोच्या अब्सांत मद्याच्या कारखान्यावर वीज पडून आग लागली. स्फोट होऊ नये म्हणून दारूची पिंपं उघडून दिली आणि अब्सांत दू नदीत गेली. दोनेक दिवसांनी डोंगरापलीकडच्या लू नदीच्या उगमावर बडीशेपेचा वास येऊ लागला. लू पूर्णपणे स्वतंत्र नदी नव्हतीच, तिच्यात दूचंही जमिनीखालून गेलेलं पाणी होतं. पुढे नदीत रंग सोडून खात्री करून घेण्यात आली.

ही गोष्ट इथे सगळे हसत सांगतात. मला मात्र ती पुलावर उभं असताना गंभीर वाटली. वर जे सांडेल ते कुठे निघेल याचा या डोंगरात भरवसा नाही. माती वितभर, खाली भेगाळलेला खडक. गोठ्यातला शेणकाला अवेळी किंवा जास्त टाकला तर तो गवताच्या मुळांना लागण्याआधीच पाण्यात उतरतो. 2010च्या सुमारास लू नदीत मासे मरू लागले तेव्हापासून हा वाद पेटलेला आहे. कारणं अनेक, सांडपाणीही त्यात आहे, पण दूधधंद्याला आपला वाटा नाकारता येत नाही. कोंतेला चांगला भाव मिळतो, म्हणून जास्त दूध काढायचा मोह होतो. नियमावलीत दर गाईमागे किमान एक हेक्टर गवताळ जमीन हवी असं कलम आहे आणि ते पाण्याच्याही रक्षणाचं कलम आहे. ते आणखी कडक व्हायला हवं असं मला वाटतं. चीजच्या चवीइतकीच ही नदीही त्या नावात आली पाहिजे.

अकराच्या सुमारास चढ. दोन्ही बाजूंना छातीपर्यंत गवत नसलं तरी गुडघ्याच्या वर नक्कीच आहे. त्यात जांभळी, पिवळी, पांढरी फुलं, खाली रानटी क्लोव्हर. शहरातून आलेला माणूस इथे मोकळं माळरान समजून सतरंजी पसरतो आणि दुरून शेतकऱ्याचा जीव तुटतो. हे उभं पीक आहे. कोंतेच्या गाईंना मुरघास देता येत नाही, आंबवलेला चारा पूर्ण बंद, त्यामुळे सहा महिन्यांच्या हिवाळ्याची सगळी बेगमी याच वाळल्या गवतावर. तुडवलेलं गवत कापणीच्या पात्यात येत नाही, कुत्र्याची घाण त्यात वाळली तर गाई आजारी पडतात. वाट म्हणून कडेकडेने जाते. गाडीरस्ताही पूर्वीपासून कडेनेच जायचा.

वरच्या शेतात कापणी झालीय. यजमान ट्रॅक्टरवर आहेत, मागे गवत उलटायचं यंत्र गरगरतंय. काल पाडलेलं गवत आज दोनदा उलटायचं, सलग तीन कोरडे दिवस मिळाले की उचलायचं. हात वर करून त्यांनी ओळख दिली, थांबले नाहीत. पश्चिमेला ढग आहे.

साडेबारा. खोऱ्यात कुठलंही यंत्र वाजत नाही, सगळे जेवायला घरी. मी गावच्या गायरानात दगडी बांधावर बसून पाव आणि कोंते खाल्लं. हे गायरान म्हणजे अर्धं कुरण, अर्धं रान. गवतात सुटेसुटे स्प्रूस आणि प्रत्येकाच्या सावलीत दोन-चार गाई. गळ्यात घंटा, त्यामुळे धुक्यातही कळप सापडतो. गाई चरायच्या थांबल्या तर थोड्या वर्षांत झाडोरा मिटून घेईल आणि हा मोकळा उतार उरणार नाही. चालणाऱ्यांना दिसणारं दूरवरचं दृश्य गाईंनी चरून राखलेलं आहे.

बांधाशेजारी दोन झाडं उगवली होती, दोन्ही रुंद, शिरा उठलेल्या पानांची. एक पिवळं जेंशियन, त्याच्या कडू मुळापासून या भागात मद्य करतात. दुसरं व्हेराट्रम, जहाल विषारी. फुलं येईपर्यंत नवख्याला फरक कळत नाही. जेंशियनची पानं देठावर समोरासमोर जोडीने येतात, व्हेराट्रमची एकाआड एक. गाई दोघांनाही तोंड लावत नाहीत.

गायरानाच्या शेवटी झटका मशीनची तार आणि तिला स्प्रिंगची मूठ. मूठ सोडवायची, पलीकडे जायचं, पुन्हा अडकवायची. दहा सेकंदांचं काम. ते न झाल्यामुळे कालवडी डांबरी रस्त्यावर आल्याचा प्रसंग यजमानबाईंनी गोठ्यात सांगितला होता आणि सांगताना त्यांचा हात कासेवरून थांबला होता.

अडीच. उतारावर एक जुनं शेतघर. भलंमोठं छप्पर, माणसं, गुरं आणि वर माळ्यावर गवत, सगळं एकाच छपराखाली, म्हणजे बर्फात दार उघडायची गरज पडू नये. पश्चिमेच्या पावसाळी भिंतीला लाकडी कपच्यांचं चिलखत. घराच्या मधोमध त्युये, फळ्यांचं पिरॅमिडसारखं निमुळतं धुराडं. आतल्या खोलीत उभं राहून वर बघितलं की काळ्याभोर लाकडाच्या टोकाशी आकाशाचा चौकोन दिसतो. धुरात मोर्तोची सॉसेजेस टांगलेली, एका टोकाला लाकडी खुंटी मारलेली, तीच त्यांची ओळख. धूर फक्त सूचिपर्णी लाकडाचा आणि भुशाचा, तोही मंद. चीज केल्यावर उरणाऱ्या पाण्यावर इथे डुकरं पोसतात, त्यामुळे दूध आणि सॉसेज हे एकाच धंद्याचे दोन हात आहेत.

चार वाजता पुन्हा सपाटीवर. एका कुरणात मातीचे ढीगच ढीग. पाणउंदरांचं काम. काही वर्षांच्या अंतराने त्यांची संख्या उसळते आणि आख्खी कुरणं उकरली जातात, गवतात माती मिसळते. पूर्वी विषारी दाणे टाकले, तर ते उंदीर खाऊन लाल घारी आणि कोल्हे मेले, म्हणजे उंदरांचे शत्रूच गेले. आता इथले बरेच शेतकरी झाडांच्या रांगा राखतात, घारींना बसायला खांब रोवतात. एक घार कापलेल्या शेतावर खाली उतरली तेव्हा तिची दुभंगलेली शेपटी डोक्यावरच आली.

साडेपाच. मी मठापाशी पोचले आणि गोठ्यातले दिवे पुन्हा लागले. त्याच बाई, तोच खड्डा, तेच काळं भांडं. यजमान मात्र शेतातच, ढग वर आलाय म्हणून गवत आजच उचलायचं ठरलं. पूर्ण वाळलेलं नाही, पण माळ्यावर खालून कोमट हवा सोडून ते वाळवता येतं. मी गाई आत घ्यायला मदत केली. मदत म्हणजे दाराशी हात पसरून उभं राहायचं, बाकीचं गाईंना ठाऊक होतं.

रात्री नऊला अजून उजेड आहे. शेवटची गाडी आत आली, छताच्या रुळावरचा लोखंडी पंजा गवत उचलून कप्प्यात टाकतोय आणि सुरू झालेल्या पंख्यांमुळे ओसरीवर ओल्या गवताचा गोड वास भरलाय. बाई हिशोबाच्या वहीत आजचं दूध लिहितात. संध्याकाळचं दूध थंड टाकीत आहे, उद्या सकाळच्या दुधात मिसळून ते हंड्यात जाईल. त्याचं कोंते चार महिन्यांच्या आत विकता येत नाही, म्हणजे ऑक्टोबर संपेपर्यंत नाहीच, आणि चांगलं हवं तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबावं लागेल. पाऊस साडेनऊला सुरू झाला. वरच्या दोन शेतांतलं गवत अजून उभंच होतं, ते पुढच्या कोरड्या हवेत कापतील.