मोझार्ट ऐकला की डोकं तल्लख होतं?

अभ्यास करताना गाणी लावली की घरात हमखास दोन पक्ष पडतात. ताई म्हणते, "गाण्यानं डोकं चालतं." बाबा म्हणतात, "आधी ते बंद कर!" खरं कुणाचं?

ताईच्या बाजूचा सगळ्यात गाजलेला पुरावा अमेरिकेतला आहे. १९९३ साली कॅलिफोर्नियात कॉलेजच्या ३६ विद्यार्थ्यांना दहा मिनिटं मोझार्ट या युरोपीय संगीतकाराची पियानोवरची रचना ऐकवली आणि लगेच कोडी घातली. अशा कोड्यांचा एक नमुना बघा. कागदाची घडी घालायची, घडीवर कात्रीनं काप द्यायचा आणि कागद न उघडताच सांगायचं, उघडल्यावर तो कसा दिसेल. करून बघा, वाटतं तितकं सोपं नाही! नुसतं शांत बसल्यानंतर सोडवली त्यापेक्षा मोझार्ट ऐकल्यानंतर त्यांनी कोडी जास्त चांगली सोडवली. पण ही जादू टिकली जेमतेम दहा-पंधरा मिनिटं.

ही शेवटची गोष्ट मात्र लोक सोयीस्कर विसरले. बाळांना हुशार करणाऱ्या सीड्या धडाधड खपू लागल्या. १९९८ साली तर जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला संगीताची भेट देण्यासाठी सरकारी खजिन्यातून १,०५,००० डॉलर मागितले. मूळ प्रयोगात एकही बाळ नव्हतं, बरं का!

मग इतर शास्त्रज्ञांनी तोच प्रयोग करून पाहिला. काहींना फरक दिसला, अनेकांना दिसलाच नाही. कॅनडात एका प्रयोगात एकदा मोझार्ट आणि एकदा गोष्ट ऐकवली. ज्यांना गोष्ट जास्त आवडली, त्यांची कोडी गोष्टीनंतर चांगली सुटली. ब्रिटनमध्ये दहा-अकरा वर्षांच्या आठ हजारांहून जास्त मुलांवर प्रयोग झाला, तेव्हा कागदाच्या कोड्यात मोझार्टवर चक्क पॉप गाण्यांनी मात केली. म्हणजे करामत मोझार्टची नव्हतीच. आवडीचं काही ऐकलं की मन खुलतं, मरगळ जाते आणि थोडा वेळ डोकं झरझर चालतं, इतकंच.

आता बाबांची बाजू. इतिहासाचा धडा वाचताना तुम्ही मनातल्या मनात शब्द उच्चारत असता. त्याच वेळी गाण्यातले शब्दही कानात शिरतात आणि दोन्हींची धक्काबुक्की होते. ब्रिटनमधल्या एका प्रयोगात क्रमानं अक्षरं लक्षात ठेवायची होती. गाणं आवडीचं असो वा नावडीचं, सर्वसाधारणपणे शांततेतच जास्त आठवलं. गंमत म्हणजे आवडीच्या गाण्यानंही तितकाच घोटाळा केला.

मला विचाराल तर गाण्याचा खरा उपयोग तिसराच आहे. जे पाठ करायचं, तेच गाऊन म्हणायचं! आपल्या आजी-आजोबांनी पावकी-निमकी, म्हणजे पाव आणि अर्ध्याचे पाढे, सुरातच घोकले. चालीत प्रत्येक शब्दाची जागा ठरलेली असते. मधला शब्द गळला तर ठेका अडखळतो आणि चूक लगेच कळते. अट एकच, चाल ओळखीची हवी आणि पुन्हा पुन्हा म्हणायला हवं. नवी चाल एकदाच ऐकून फारसं साधत नाही.

तेव्हा गाणं अभ्यासाच्या आधी ऐका, वाचताना बंद ठेवा आणि एकोणतीसचा पाढा आवडत्या चालीवर बसवा. जमला तर चाल कोणती घेतलीत ते आम्हाला जरूर कळवा!