अंगणात काय घालायचं? फरशी, काँक्रीट की मुरूम?

घर बांधून झालं, रंग लागला, वास्तुशांत झाली आणि हातातले पैसे संपत आले, की मग आठवण होते ती अंगणाची. फाटकापासून ओट्यापर्यंतचा तो तीस-चाळीस फुटांचा तुकडा. यजमान आणि कंत्राटदार दारात उभ्या उभ्या दोन मिनिटांत निकाल लावून टाकतात. "वहिनी, सगळं काँक्रीट मारून घ्या, चिखलाची कटकटच नको!" ऐकायला बरं वाटतं. पण मैत्रिणींनो, त्या अंगणात रोज खराटा मारणार तुम्ही, उन्हाळ्यात पापड-कुरडया वाळत घालणार तुम्ही, आणि आषाढात सासूबाईंचा पाय घसरला तर धावणारही तुम्हीच. तेव्हा या बाबतीत आपलं म्हणणं जरा ठासूनच सांगायला हवं.

शहापूर, आसनगाव, किन्हवली, इकडे मुरबाड, सरळगाव हा सगळा सह्याद्रीच्या पायथ्याचा मुलूख. वर्षाला २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस, आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. घाटावरच्या एखाद्या बंगल्याचं गुळगुळीत अंगण पाहून तसंच आपल्याकडे करायचं म्हटलं, तर पहिल्याच पावसाळ्यात शेवाळ धरतं. आपल्याकडे अंगणाची पहिली परीक्षा पाणी घेतं, गाडी मागाहून.

थोडा हिशेब करून पाहा. घराभोवती १००० चौरस फूट मोकळी जागा असेल, तर एक इंच पावसाचं त्यावर सुमारे २३५० लिटर पाणी पडतं. संपूर्ण पावसाळ्याचं धरलं, तर १ लाख ८५ हजार लिटरच्या पुढे. दहा हजार लिटरचे अठरा टँकर म्हणा ना! सगळ्या अंगणाला काँक्रीटचं झाकण घातलं की हे पाणी कुठं जाणार? रस्त्यावर, शेजारणीच्या दारात, नाहीतर उतार चुकला असेल तर आपल्याच जोत्याशी. आणि टँकरची उपमा उगाच दिलेली नाही. मुंबईची तहान भागवणारी तानसा आणि भातसा ही धरणं शहापूर तालुक्यात. पण त्याच तालुक्यातल्या कितीतरी गावपाड्यांनी वर्षानुवर्षं एप्रिल-मे महिने टँकरची वाट पाहत काढले आहेत. एका अंगणाने विहिरीचं पाणी वाढत नाही, हे कबूल. पण भाताच्या खाचरांवर बंगल्यांच्या ओळी उभ्या राहू लागल्या आहेत आणि प्रत्येक दारी काँक्रीट पडू लागलं आहे, त्याचा परिणाम आळीतल्या विहिरींवर झाल्यावाचून कसा राहील?

म्हणून माझं मत असं, की टणक जमीन जिथं लागते तेवढ्यापुरतीच करावी आणि बाकीचं अंगण उघडं ठेवावं. मोटारीला काय हवं असतं? चाकांखाली दोन पट्ट्या! दोन-दोन फूट रुंदीच्या दोन पट्ट्या आणि मध्ये तीन फूट जागा सोडली, की नेहमीची घरगुती गाडी आरामात येते-जाते. तीस फूट लांबीला हे काम १२० चौरस फुटांचं होतं. तेच दहा फूट रुंद सलग रस्ता केला तर ३००. मधल्या पट्टीत खडी घाला किंवा गवत राहू द्या. याखेरीज फाटकापासून पायरीपर्यंत तीन फुटांची एक पायवाट मात्र खरबरीत दगडाची किंवा फरशीची हवीच. म्हाताऱ्या माणसांच्या काठीला आणि मुलांच्या शाळेच्या बुटांना ती लागते.

आता जिन्नस कोणता? आपल्या भागात काळ्या दगडाला तोटा नाही. घडीव काळा दगड महाग पडतो, त्याला हातही चांगला लागतो, पण एकदा बसवला की पिढ्या पाहतो. पृष्ठभाग टाचलेला ठेवायला सांगा, घासून गुळगुळीत केलेला नको. सांध्यात अर्धा इंच जागा ठेवून त्यात सिमेंटऐवजी बारीक खडी भरली, तर पाणी तिथून मुरतं. एक अडचण सांगून ठेवते. वैशाखात हा दगड इतका तापतो, की दुपारी अनवाणी पाय ठेववत नाही.

शहाबादी फरशी कर्नाटकातून येते, कोटा राजस्थानातून. दोन्ही चुनखडीचे दगड. शहाबादीची खरबरीत बाजू पायवाटेला उत्तम. पण गाडीखाली घालायची असेल तर ती पोकळ राहता कामा नये. खाली थोडी जरी पोकळी राहिली, तरी चाक आलं की फरशी तडकते. बसवून झाल्यावर काठीने ठोकून पाहा, भद्द आवाज आला तर तीच काढून पुन्हा बसवायला लावा. पॉलिश केलेला कोटा उघड्या अंगणात नकोच. चकचकीत टाइल्सचं तर नावही काढू नका.

पेव्हर ब्लॉक हल्ली घरोघरी दिसतात, आणि एका कारणासाठी मला ते आवडतात. तुमचं घर खाचरात भराव टाकून बांधलेलं असेल तर जमीन एक-दोन पावसाळे बसतच राहते. काँक्रीट असेल तर त्याला भेगा पडतात. ब्लॉक मात्र उचलून, खाली भर घालून पुन्हा मांडता येतात. नळाची लाइन दुरुस्त करायची झाली तरी तेच. मोटारीसाठी ६० मिलिमीटर जाडीचे घ्या. सिलिंडरचा किंवा सामानाचा टेम्पो आत येत असेल तर ८० चे. दुकानात रंगाची चर्चा फार होते, जाडीची कोणी काढत नाही, ती आपण काढायची. कडेने काँक्रीटची पट्टी घ्यायला विसरू नका, नाहीतर वर्षभरात कडेचे ब्लॉक सरकून सांधे सुटतात. सांध्यांतून गवत उगवतं, ते मात्र उपटावं लागतं. त्याला इलाज नाही.

आणि खिसा अगदीच रिकामा असेल तर? चांगला मुरूम. कमीपणा मानायचं कारण नाही. तीस फूट बाय दहा फूट जागेवर चार इंच थर म्हणजे बरोबर १०० घनफूट, म्हणजेच एक ब्रास. दाबल्यावर मुरूम बसतो, म्हणून सव्वा ब्रास मागवा. ट्रक आला की मूठभर हातात घेऊन पाहा. नुसती लाल माती निघाली तर परत पाठवा; खडे हवेत आणि माती त्यांना धरून ठेवण्यापुरतीच. पाणी शिंपून रोलर फिरवून घ्या. दसरा झाला की चोपण्याने अंगण चोपून, शेणाने सारवून काढण्याची रीत आपल्या आया-आज्यांची. पापड वाळवायला त्यासारखं अंगण नाही. गाडीचा पट्टा वेगळा ठेवला तर तुळशीपुढचा तेवढा तुकडा अजूनही तसा राखता येतो.

जिन्नस कोणताही घ्या, वरचं काम दिसतं आणि खालचं टिकतं. गवंड्याला पहिला प्रश्न विचारा तो 'खाली काय घालणार?' हा. दगडांचं सोलिंग, त्यावर मुरूम, तो दाबून झाल्यावर इंच-दीड इंच कच, आणि मग ब्लॉक. "ताई, काही होत नाही, नुसत्या रेतीवर बसवू," असं म्हणणाऱ्याला दुसरं काम शोधू द्या. दुसरी गोष्ट उताराची. घराकडून बाहेर, फुटाला पाव इंच. तीस फुटांत साडेसात इंच होतात. गवंड्याजवळ पाण्याची लेव्हल-नळी असते, ती समोर लावून दाखवायला सांगा. हिशेब चुकता करण्यापूर्वी चार बादल्या पाणी ओतून ते कुठं साचतं ते बघा. अंगणाचं पाणी जिथं जाईल त्या टोकाला, जोत्यापासून दहा फुटांवर, दगड-खडीने भरलेला शोषखड्डा घेतला तर फारच छान. मात्र मोटार धुतल्याचं तेलकट पाणी त्यात जाऊ देऊ नये, आणि संडासच्या टाकीजवळ तो नको.

मुहूर्त कधीचा? काँक्रीटचं काम दिवाळी ते म्हशाची यात्रा या दिवसांत उरकावं. काँक्रीटवर आळी बांधून निदान आठ-दहा दिवस पाणी ठेवावं लागतं. विहिरीला पाणी आहे तोवर ते जमतं. एप्रिलमध्ये प्यायच्या पाण्याची मारामार, तिथं काँक्रीटला कोण पाजणार? नवा भराव असेल तर मात्र एक पावसाळा तसाच जाऊ द्या, तोपर्यंत नुसत्या मुरमावर भागवा.

शेवाळाबद्दल एक सावधगिरीची सूचना. संडास साफ करायचं ॲसिड फरशीवर ओतू नका. शहाबादी-कोट्याचा चुनखडी दगड ते खाऊन टाकतं. खराटा आणि ब्लिचिंग पावडरचं पाणी पुरतं. पण ब्लिचिंग आणि ॲसिड एकत्र कधीही करू नका, त्यातून विषारी वायू निघतो. मे अखेरीस एकदा अंगण खरडून काढा, ब्लॉकच्या सांध्यांतली वाहून गेलेली रेती पुन्हा भरा, आणि मिरगाचा पहिला पाऊस आला की छत्री घेऊन पाच मिनिटं ओट्यावर उभ्या राहा. पाणी कुठून वळतं आणि कुठं थांबतं, ते त्या पाच मिनिटांत कळतं. जिथं थांबलं तिथं खडूने खूण करून ठेवायची सोय नाही, म्हणून एखादा दगड ठेवा. उघडीप मिळाली की गवंड्याला दाखवायला बरा.