दत्तक कुटुंब आणि वीटभट्टीची वाट

दिवाळी सरली की जव्हार, मोखाडा, विक्रमगड या तालुक्यांतील पाड्यांवरची अनेक घरे बंद होतात. भट्टीमालकाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायको लेकरांसह वसई, भिवंडीकडील वीटभट्ट्यांवर येतात आणि मृगाच्या आधी परततात. पालघर जिल्ह्यातील हे जुनेच चक्र. वैद्यकीय शिक्षणातील एका नव्या उपक्रमाची कसोटी मात्र तेथेच लागणार आहे.

पूर्वी वैद्यकीय विद्यार्थ्याचे पहिले वर्ष शवविच्छेदन आणि प्रयोगशाळा यांतच जाई. रुग्णाची गाठ पुढे पडे. २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमाने पहिल्याच वर्षी त्याला रुग्णालयाची व वस्तीची ओळख करून देण्याचे ठरविले. हृदयाची रचना शिकत असतानाच हृदयरोग्याची भेट घडावी, असा त्यामागील हेतू होय. त्याला जोडून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२१-२२ च्या तुकडीपासून कुटुंब दत्तक कार्यक्रम सुरू केला. प्रत्येक विद्यार्थ्याने खेड्यातील ३ ते ५ कुटुंबांशी शिक्षणकाळात संबंध ठेवावयाचा आहे.

महाराष्ट्राला ही कल्पना नवखी नाही. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये स्थापिलेल्या सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. पहिल्या वर्षी ती तेथे शिबिर करून राहते, वाट्याच्या कुटुंबांची आरोग्यतपासणी करते आणि नंतरही त्या गावी जात राहते. या जात राहण्यालाच खरे मोल आहे. लोहाच्या गोळ्या घरात तशाच का पडून राहतात, हे पहिल्या भेटीत कोणतीही माउली सांगत नाही. चौथ्या भेटीत कदाचित सांगेल.

जव्हारच्या पाड्यावरील कुटुंब दत्तक घेतले असेल, तर ही चौथी भेट नेमकी जानेवारीत येते आणि दाराला कुलूप असते. नोंदवहीत ‘कुटुंब अनुपस्थित’ असे लिहून मोकळे होता येते. परंतु त्याच दिवसांत गरोदर स्त्री भट्टीवर विटा वाहत असते, बालकाची लस चुकलेली असते आणि लसीकरणाचे कार्ड झोपडीच्या कुडात खोचून राहिलेले असते. विद्यार्थ्याने जे शिकावयाचे, ते अशा वेळी वसईच्या बाजूला असते.

तो तेथे पोहोचावा कसा? कुटुंब कोठे गेले हे सर्वांआधी शाळेच्या शिक्षकाला कळते, कारण हजेरीपटावर ते दिसते. कोणत्या मुकादमाबरोबर गेले, हे पंचायत सदस्य जाणतो. आशा कार्यकर्ती व अंगणवाडी सेविका यांच्या नोंदी असतातच. ही माहिती दिवाळीपूर्वीच महाविद्यालयाकडे गेली आणि कार्ड कुटुंबाच्या गाठोड्यात गेले, तर विद्यार्थ्याची भेट भट्टीवर होऊ शकेल. भट्टी वसई-विरार महापालिकेच्या हद्दीत की ग्रामपंचायतीच्या, हेही आधीच पाहून ठेवावे. लस कोणत्या आरोग्य केंद्रातून द्यावयाची, ते त्यावरूनच ठरते.