बालरोग विभाग संपल्यावर टाइप-१ मधुमेहाचं मूल जातं कुठे?

टाइप-१ मधुमेह म्हटलं की डोळ्यांसमोर सहा-सात वर्षांचं लेकरू येतं. शिबिरं, देणग्या, मायेची विचारपूस सगळं त्याच्या वाट्याला येतं. तेच लेकरू सतरा-अठराचं झालं की त्याची चौकशी फारशी कोणी करत नाही. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार भारतात वीस वर्षांखालच्या सुमारे २ लाख २९ हजार मुलामुलींना हा आजार आहे. एवढी मुलं दुसऱ्या कुठल्याच देशात नाहीत. या प्रत्येकाला कधी ना कधी मोठ्यांच्या दवाखान्यात जावं लागणार आहे, आणि नेमकी तिथेच आपली सार्वजनिक सेवा सगळ्यात कच्ची आहे.

गैरसमज: वय झालं की फक्त ओपीडी बदलते.

मुळात कुठलं वय, तेच एक नाही. अनेक सरकारी रुग्णालयांत बालरोग विभागाची सीमा १२ वर्षांवर संपते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम १८ पर्यंत आहे. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आशाताई घरोघरी जाऊन जी माणसं तपासणीला आणतात, ती ३० च्या पुढची. शिक्षण, नोकरी, लग्न या सगळ्या गोष्टी ज्या वर्षांत घडतात, त्या १८ ते ३० च्या दरम्यान तरुणाला शोधत येणारं कोणीच नाही.

तो स्वतःहून मेडिसिनच्या ओपीडीत गेलाच, तर रांगेत बहुतेक टाइप-२ चे पन्नाशीतले रुग्ण असतात. गर्दीत त्यालाही तेच ऐकवलं जातं: गोड बंद करा, चाला, वजन कमी करा. त्याच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही, त्यामुळे गोळ्या इन्सुलिनची जागा घेऊ शकत नाहीत. जुनी फाइल बालरोग विभागातच राहते आणि नव्या केसपेपरवर दहा वर्षांचा इतिहास एका ओळीत उरतो.

यात एक जीवघेणा धोका लपलेला आहे. आपल्याकडे सरकारी पुरवठ्यातली इन्सुलिनची कुपी सहसा मिलिलिटरला ४० युनिटची असते आणि तिची सिरिंज लाल टोपणाची. पेनमधलं इन्सुलिन १०० युनिटचं, आणि १०० युनिटची सिरिंज केशरी टोपणाची. दवाखाना बदलला, सिरिंज बदलली आणि कोणी समजावून सांगितलं नाही, तर ४० च्या कुपीतून केशरी सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरलेलं औषध प्रत्यक्षात ८ युनिटच असतं. उलट झालं, म्हणजे १०० चं इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये भरलं, तर २० ऐवजी ५० युनिट शरीरात जातात. फाइलसोबत ही माहितीही पुढे गेलीच पाहिजे.

गैरसमज: मोठेपणी हा मधुमेह सुटतो.

सुटत नाही. निदानानंतर काही महिने इन्सुलिनची गरज खूप कमी होते, त्यावरून ही आशा निर्माण होते. पण टाइप-१ मध्ये इन्सुलिन बंद केलं तर रक्तात आम्ल साठून काही दिवसांत जीव जाऊ शकतो. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोत ज्याला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन मिळालं, तो लेनर्ड थॉम्पसन १४ वर्षांचा होता. त्याआधीची अशी मुलं फार काळ जगत नसत. काढा किंवा अंगारा देऊन इन्सुलिन सोडायला सांगणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं.

गैरसमज: या वयात मुलं बेफिकीर होतात, म्हणून साखर वाढते.

वयात येताना वाढीची संप्रेरकं इन्सुलिनचा परिणाम कमी करतात, म्हणून तेवढ्याच डोसवर साखर चढते. त्यात मेसचं जेवण, रात्रपाळी, खोलीवर फ्रिज नाही, मित्रांसमोर सुई टोचायचा संकोच. पट्ट्यांचा खर्चही आहेच: इन्सुलिन फुकट मिळालं तरी साखर मोजायच्या पट्ट्या बहुतेकांना विकत घ्याव्या लागतात, आणि न मोजता डोस ठरवणं हा अंदाजच. अशा मुलाला रागावलं तर तो पुढच्या वेळी येतच नाही. आणि हीच वर्षं मोलाची आहेत. अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या अभ्यासाने १९९३ मध्ये दाखवलं की साखर काटेकोर ठेवल्यास डोळ्यांचा विकार सुरू होण्याचा धोका सुमारे तीन चतुर्थांशाने घटतो. त्याच रुग्णांच्या पुढच्या पाहणीत दिसलं की सुरुवातीच्या वर्षांतला चांगला ताबा नंतरही दीर्घकाळ संरक्षण देतो.

गैरसमज: मुलीला मधुमेह असेल तर मूल होणार नाही, म्हणून स्थळाला सांगायचं नाही.

टाइप-१ असलेल्या स्त्रिया निरोगी बाळांना जन्म देतात. त्यासाठी तयारी मात्र गर्भ राहण्याआधीच हवी. बाळाचे अवयव पहिल्या आठ आठवड्यांत घडतात, म्हणजे अनेकदा दिवस गेल्याचं नीट कळेपर्यंत. म्हणून तीन महिन्यांची सरासरी दाखवणारं एचबीए१सी आधीच शक्यतो ६.५ टक्क्यांच्या खाली आणायचं असतं. सासरी लपवलेला आजार हे होऊ देत नाही. चोरून सुई, चुकलेले डोस, साखर एकदम खाली गेली तर घरात कोणाला काही ठाऊक नाही. लपवायला सांगणारे आईवडील लेकीच्या भल्यासाठीच बोलतात, हे मला कळतं. तरीही हा सल्ला तिच्या जिवावर बेततो. आणि सतरा-अठराच्या मुलीशी याविषयी बोलणं बालरोग विभागाला आपलं काम वाटत नाही, मेडिसिनला तेवढा वेळ नसतो.

गैरसमज: हे सगळं श्रीमंत देशांनाच परवडतं.

कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात २००२ पासून एक साधी गोष्ट केली गेली. तरुणांना फोन करून भेटीची आठवण देणारी, डॉक्टर गाठून देणारी एक व्यक्ती नेमली. आधीच्या तरुणांत मोठ्यांच्या सेवेतून गळती ४० टक्के होती, या गटात ती ११ टक्के झाली. यासाठी महागडं यंत्र लागलं नाही. आपल्याकडेही पश्चिम बंगालने जिल्हा रुग्णालयांत टाइप-१ साठी वेगळे दवाखाने सुरू केले आहेत. महाराष्ट्रातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत बालरोग आणि मेडिसिनचे डॉक्टर आधीच एका आवारात असतात. महिन्यातून एक दिवस त्यांनी एकत्र ओपीडी घ्यावी, एका नर्सकडे या मुलांची यादी असावी आणि न आलेल्याला तिने फोन करावा. पट्ट्याही इन्सुलिनसोबतच मिळाव्यात.

तोवर तुमच्या घरात असं मूल असेल, तर अठराव्या वाढदिवसाची वाट पाहू नका. तेरा-चौदाव्या वर्षापासून डॉक्टरांशी बोलताना त्यालाच बोलू द्या. बालरोग विभाग सोडण्याआधी लेखी सारांश मागून घ्या: निदानाचं वर्ष, इन्सुलिनचा प्रकार आणि डोस, सिरिंज ४० ची की १०० ची, डोळे आणि लघवीची तपासणी शेवटची कधी झाली. आणि नव्या डॉक्टरांची तारीख हातात पडल्याशिवाय जुना दवाखाना सोडू नका.