परभाषेचे अध्यापन आणि हावभावांचा परिचय

भाषा शिकविणे म्हणजे शब्द, उच्चार व व्याकरण शिकविणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु मनुष्य बोलतो तेव्हा त्याची मान, नजर, चेहरा व हात हेही शब्दांबरोबर बोलत असतात. कानांवर हात ठेवणे, तोंडात बोट घालणे, नाक मुरडणे, कपाळाला हात लावणे हे मराठी वाक्प्रचार हावभावांवरूनच घडले आहेत. यांचा अर्थ मराठी मुलास मुद्दाम शिकवावा लागत नाही. वडील मंडळींकडे पाहून तो ते आपोआप उचलतो. परभाषा पुस्तकातून शिकणाऱ्यास मात्र हा भाग कोणी दाखविल्यावाचून मिळत नाही.

खुणा सर्वत्र सारख्या नसतात

हावभावांची भाषा जगात एकच आहे, असे पुष्कळांस वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. बल्गेरियात होकार देताना लोक मान दोन्ही बाजूंस हलवितात आणि नकार देताना ती वर उचलतात. तेथील भाषेतील ‘होय’ व ‘नाही’ हे दोन्ही शब्द पाठ असलेला परदेशी मनुष्यही समोरच्याची मान पाहून गोंधळतो. ग्रीस, तुर्कस्तान व दक्षिण इटली येथेही मान मागे झटकून नकार देण्याची रीत आहे. जपानी मनुष्य ‘मी’ असे दर्शविताना छातीकडे नव्हे, तर आपल्या नाकाकडे बोट नेतो. दुसऱ्यास जवळ बोलाविताना तो आपल्याकडील जुन्या रीतीप्रमाणेच तळहात खाली ठेवून बोटे हलवितो. अमेरिकेत तळहात वर असतो.

या खुणांचा अभ्यास फार जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात मस्तकाच्या हालचालींचे १३ प्रकार अर्थांसह सांगितले आहेत. इटलीत आंद्रेया दे योरियो यांनी नेपल्सच्या लोकांच्या हातवाऱ्यांवर १८३२ साली एक स्वतंत्र ग्रंथच प्रसिद्ध केला.

उपजत काय, शिकलेले काय

न्यूयॉर्क शहरात येऊन राहिलेल्या इटालियन व ज्यू लोकांच्या हातवाऱ्यांचे निरीक्षण डेव्हिड एफ्रॉन यांनी केले व ते १९४१ साली प्रसिद्ध केले. नव्याने आलेल्या लोकांत दोन्ही समाजांच्या लकबी स्पष्टपणे निराळ्या होत्या. अमेरिकन जीवनात मिसळून गेलेल्यांत तो फरक फारसा उरला नव्हता. यावरून हातवारे रक्तातून येत नाहीत, सहवासातून येतात, हे सिद्ध झाले. दुसऱ्या बाजूस, जन्मांध व्यक्तीही बोलताना हात हलवितात, आणि ऐकणारा अंध असला तरीही हलवितात, असे जाना आयव्हरसन व सुझन गोल्डिन-मेडो यांनी १९९८ साली दाखवून दिले. सारांश, बोलताना हात हलविण्याची ओढ सहज आहे. परंतु कोणती खूण कोणत्या अर्थाची, हे शिकावेच लागते.

गावच्या शाळेतील प्रश्न

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. इंग्रजी बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहणे हे सरळपणाचे लक्षण मानतात. आपल्या अनेक घरांत वडीलधाऱ्यांसमोर नजर खाली ठेवणे हाच आदर होय. शिक्षकाने हा फरक समजावून न सांगता ‘वर बघ’ असे दरडावले, तर आपले काय चुकले, हेच मुलास कळत नाही.

परभाषा म्हणजे केवळ इंग्रजी नव्हे. कोरकू, गोंडी, भिली किंवा कन्नड बोलणाऱ्या घरातून आलेल्या मुलास पुस्तकी मराठीही प्रथम परकीच असते. असे मूल प्रश्न विचारल्यावर मान खाली घालून गप्प उभे राहिले, तर ते मंद किंवा उर्मट आहे असा निष्कर्ष घाईने काढला जातो, आणि पहिल्या काही आठवड्यांत बसलेला हा शिक्का पुढे वर्षानुवर्षे पुसला जात नाही. मुलाची नजर व मान यांचा त्याच्या घरी काय अर्थ होतो, हे पालकांना विचारून घेणे हे शिक्षकाचे कर्तव्यच आहे.

वर्गात काय करावे

१. संवादाचे पाठ बसून वाचून न घेता उभे राहून करून घ्यावेत. अभिवादन, विनंती, नकार व ‘मला ठाऊक नाही’ हे सांगण्याचे प्रसंग शब्द व हावभाव यांसह करवून घ्यावेत.

२. दूरदर्शन संच वा मोबाइल उपलब्ध असल्यास त्या भाषेतील एखादे लहान दृश्य प्रथम आवाज बंद करून दाखवावे. पात्रे काय म्हणत असतील, ते मुलांना सांगू द्यावे. नंतर आवाजासह तेच दृश्य दाखवून पडताळा घ्यावा.

३. परक्या खुणेचा अर्थ आधी ओळखावयास शिकवावे, अनुकरण नंतर. अंगठा व तर्जनी यांचे वर्तुळ अमेरिकेत ‘ठीक’, जपानमध्ये ‘पैसे’, फ्रान्समध्ये ‘शून्य’ दर्शविते, तर ब्राझीलमध्ये ती असभ्य खूण मानली जाते.

४. आपल्याकडे मान डोलाविण्याचे अनेक अर्थ होतात. म्हणून ‘समजले का?’ या प्रश्नावर मुलाने मान हलविली एवढ्यावर समाधान मानू नये. समजलेली गोष्ट त्याच्या शब्दांत सांगावयास लावावी.

५. मुलाच्या घरच्या लकबीस चूक म्हणू नये व तिची नक्कल करून कोणास हसू देऊ नये. ‘घरी असे, तेथे तसे’ एवढेच सांगावे.

या गोष्टींसाठी निराळा तास वा खर्च लागत नाही. चालू पाठातच त्या बसतात. मात्र त्यासाठी शिक्षकाने पुस्तकावरून दृष्टी काढून मुलांकडे पाहत शिकविले पाहिजे.